कापडी टप की पक्का टप? मुरुडहून रोज लातूर गाठायचं असेल तर थार कोणती घ्यायची

मुरुड आणि थार हे दोन शब्द शेजारीशेजारी आले की लोकांच्या डोळ्यापुढे समुद्र येतो. जंजिरा किल्ला, वाळूत रुतलेली गाडी, ती ओढायला आलेला ट्रॅक्टर आणि कडेला मोबाईल काढून उभे असलेले शंभर जण.

आपला विषय त्या मुरुडचा नाही. आपलं मुरुड लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इथं वाळू नाही, काळी माती आहे. लाटा नाहीत, उसाच्या ट्रॉल्या आहेत. आणि इथल्या एखाद्या घरात सध्या जी चर्चा चालू असेल ती साधारण अशी असेल : पोराला लातूरला रोज ये-जा करायला गाडी पाहिजे. बजेट बारा-पंधरा लाख. पोराला थार पाहिजे, तीही टप उघडणारी. नवीन मिळत नाही म्हणून त्याने लातूर-सोलापूरकडची एक सेकंडहँड बघून ठेवलीय. आणि वडील म्हणतायत, "बारा लाख देऊन ताडपत्रीची गाडी? मग काळीपिवळी काय वाईट होती रं?"

जगभरातल्या मोटारवेड्यांचा एक जुना वाद आहे, रोज वापरायला कूपे घ्यावी की कन्व्हर्टिबल. म्हणजे दोन दारांची, बंद टपाची गाडी, की तीच गाडी पण टप मागे दुमडता येणारी. हा वाद आपल्याकडं सहसा कुणी घालत नाही, कारण तसल्या गाड्या कोटीच्या घरात जातात. पण नीट बघितलं तर हाच वाद मुरुडच्या त्या घरात चाललाय. तीन दरवाजांची थार म्हणजे खरं तर दोन दारं आणि मागचा दरवाजा. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून चढावं लागतं. पक्का टप घेतला तर झाली कूपे, कापडी टप घेतला तर झाली कन्व्हर्टिबल.

कूपे हा शब्द आपल्याला तसा रेल्वेनं शिकवला. फर्स्ट एसीत दोनच बर्थची जी खोली असते तिला कूपे म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कापलेला. घोडागाडीचा मागचा भाग कापून दोघांपुरती केली ती कूपे. अलीकडं टाटाची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसॉल्ट या दोन गाड्या ऑगस्ट 2024 मध्ये कूपे एसयूव्ही म्हणून आल्या. त्यांना दारं चार आहेत, फक्त टप मागं उतरता केलाय. जुन्या व्याख्येत त्या बसत नाहीत, पण नाव विकायला बरं वाटतं.

आणि कन्व्हर्टिबल? ती तर आपल्याकडं कूपेच्या आधीपासून आहे. महिंद्रानं 1947 पासून विलीजची जीप जोडायला सुरुवात केली, तिच्यावर कापडाचंच हूड होतं. पुढची कित्येक वर्षं ग्रामीण महाराष्ट्रातली जीप म्हणजे लोखंडी सांगाडा आणि वरून ताडपत्री. प्रचाराला निघताना ती काढायची, पाऊस आला की बांधायची. त्यामुळं वडिलांचा राग समजून घ्या. त्यांनी अर्धं आयुष्य कापडी टपाखाली काढलंय आणि पक्का टप ही त्यांच्या लेखी प्रगती आहे. पोराच्या लेखी उलटं आहे.

आधी टॅक्सचं गणित बघू, कारण निम्मा निकाल तिथंच लागलाय

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी 28 टक्के जीएसटी आणि वर सेस असायचा. आता दोनच मोठे कप्पे आहेत. लांबी 4 मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत असेल तर 18 टक्के. यातली एकही अट मोडली तर सरळ 40 टक्के, सेस नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना 5 टक्के आधीही होते, आताही आहेत.

आता थार बघा. तीन दरवाजांच्या थारची लांबी 3985 मिलिमीटर आहे. म्हणजे 15 मिलिमीटरनं, आपल्या बोटाच्या जाडीएवढ्या अंतरानं ती आत बसते. राहिलं इंजिन. थारला तीन इंजिनं आहेत : 2.0 लिटर पेट्रोल, 2.2 लिटर डिझेल आणि जानेवारी 2023 मध्ये आलेलं 1.5 लिटर डिझेल. पहिली दोन 40 टक्क्यांत जातात. तिसरं 18 टक्क्यांत. महिंद्रानं तेव्हा जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणं टू व्हील ड्राइव्ह डिझेल थारवरचा कर 31 वरून 18 टक्क्यांवर आला आणि किंमत 1 लाख 35 हजारांपर्यंत उतरली. फोर व्हील ड्राइव्ह डिझेलवरचा कर 48 वरून 40 वर आला आणि किंमत 1 लाख 1 हजारापर्यंत उतरली.

यात गोम अशी आहे की 1.5 डिझेलची टू व्हील ड्राइव्ह थार आली तीच फक्त पक्क्या टपात. कापडी कन्व्हर्टिबल टप कायम मोठ्या इंजिनाच्या, फोर व्हील ड्राइव्ह गाडीवरच मिळायचा. सरकारनं टपावर कुठला टॅक्स लावला नाही, टपाकडं बघितलंही नाही. पण इंजिन आणि लांबी मोजता मोजता निकाल असा लागला की स्वस्त कप्प्यात पक्का टप आणि महाग कप्प्यात कापडी टप.

त्यात कंपनीनंही हात आखडता घेतला. ऑक्टोबर 2020 मध्ये नवी थार आली तेव्हा फिक्स कापडी टप, उघडणारा कापडी टप आणि हार्ड टप असे तीन पर्याय होते. ऑक्टोबर 2025 मध्ये थारची सुधारलेली आवृत्ती 9 लाख 99 हजारांपासून आली, तेव्हा यादीत हार्ड टपच उरला होता. जे विकलं जातं ते कंपनी ठेवते, बाकीचं गुपचूप काढून टाकते.

म्हणून आज कन्व्हर्टिबल थार पाहिजे असेल तर सेकंडहँड बाजारातच जावं लागतं. आणि मुरुडच्या घरातला प्रश्न असा होतो : तेवढ्याच पैशात नवी कोरी पक्क्या टपाची 1.5 डिझेल, की जुनी, मोठ्या इंजिनाची, टप उघडणारी?

आता वर्षाचा हिशोब मांडू

कन्व्हर्टिबल घेणारा माणूस मनात एक दिवस बघत असतो. हवा मस्त, रस्ता मोकळा, टप मागं. आपण त्याला वर्षातले बाराही महिने दाखवू.

मार्च ते मे विसरा. लातूर भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात उघड्या टपाखाली गाडी चालवणं म्हणजे तासभर रानात उभं राहणं, फक्त बसून. वारा लागतो म्हणाल, तर तो वाराही झळ असतो. टप बंद करून एसी लावला तर कापड उष्णता पक्क्या टपाएवढी अडवत नाही, एसीला जास्त झगडावं लागतं. चाळीस अंशांत बंद गाडी उन्हात लावली तर तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढतं, हे कुठल्याही गाडीत होतं. पण पक्क्या टपाची गाडी एसी लावल्यावर लवकर निवते आणि निवलेली राहते.

याच काळात गारपीट येते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली गारपीट ज्यांनी बघितली, त्यांना लिंबाएवढ्या गारांपुढं कापडाचं काय होतं ते सांगायची गरज नाही.

जून ते सप्टेंबर टप बंदच. प्रश्न फक्त तो किती नीट बंद राहतो एवढाच. कापडी टप नवा असतो तेव्हा पाणी येत नाही. दोन-तीन उन्हाळे खाल्ले की शिवण सैल होते, चेन अडकायला लागते, बाजूच्या प्लास्टिकच्या खिडक्या पिवळ्या आणि धुरकट होतात. मग पाणी थेट डोक्यावर गळत नाही, ते कडेनं उतरून मॅटखाली साचतं आणि आठ दिवसांनी वास आल्यावर कळतं. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पावसानं जे केलं तसा पाऊस आला तर गाडी उघड्यावर लावायचीच नाही, एवढाच उपाय.

ऑक्टोबर सुगीचा. सोयाबीन काढणी आणि मळणी. मळणी यंत्रातून उडणारं भुसकट रस्त्याकडेच्या शेतातून थेट रस्त्यावर येतं. डोळ्यात गेलं की काय होतं हे टू व्हीलरवाल्यांना विचारा.

उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा खरंच सुंदर असते. टप मागं टाकावा असे हेच चार महिने. आणि नेमके हेच उसाच्या गाळपाचे महिने. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागं दिवा असेलच याची खात्री नाही. त्यांच्या मागं टप उघडून वीस मिनिटं चालवा. पाचट, धूळ आणि डिझेलचा धूर, तिन्ही चव घेऊन घरी याल.

अजून एक गोष्ट जी शोरूमवाला सांगत नाही, कारण त्याला तुमचं गाव माहीत नसतं. मुरुड लातूरच्या पश्चिमेला आहे. सकाळी तुम्ही पूर्वेला जाता, ऊन समोरून. संध्याकाळी पश्चिमेला परत येता, पुन्हा ऊन समोरून. रोजच्या दोन्ही फेऱ्यांना सूर्य तोंडावर. बंद गाडीत निदान सनवायझर खाली ओढता येतो आणि डोक्यावर सावली असते. उघड्या गाडीत वायझर आहे, सावली नाही.

काचांना काळी फिल्म लावू म्हणाल, तर सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2012 मध्येच त्यावर बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

हे सगळं वजा केल्यावर रोजच्या वापरात टप उघडायला काय उरतं? हिवाळ्यातली सकाळ लवकर निघालात तर, किंवा रात्री उशिरा. वर्षाला वीस-पंचवीस वेळा म्हणू. हा आकडा माझा अंदाज आहे, तुमचा तुम्ही काढा. पण काढा नक्की, कारण बाकीचे तीनशे दिवस तुम्ही त्या वीस दिवसांचं भाडं भरताय.

गंमत म्हणजे कन्व्हर्टिबलचं वेड ब्रिटनसारख्या ढगाळ देशातही आहे. तिथं ऊन दुर्मिळ, म्हणून ते डोक्यावर घ्यायला लोक पैसे देतात. मझदाची एमएक्स-5 ही दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार 1989 मध्ये आली आणि 2016 पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या बनल्या. त्याच मझदानं 2006 मध्येच तिची पक्का, मोटरनं दुमडणारा टप असलेली आवृत्तीही काढली, कारण रोज चालवणाऱ्यांना आवाज आणि थंडी नको होती. मराठवाड्यात ऊन फुकट आहे. इथं सावलीला किंमत आहे.

पण कन्व्हर्टिबलच्या बाजूनंही बोललं पाहिजे

एक गैरसमज आधी काढू. टप कापडी म्हणजे गाडी कमकुवत, असं सरसकट म्हणतात. साध्या कारच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. आजच्या कारमध्ये टप, खांब आणि तळ मिळून एकच डबा असतो. टप काढला की डबा पिळवटतो, मग कंपनीला खालून जास्तीचं लोखंड घालावं लागतं आणि गाडी जड होते. थार मात्र ट्रकसारखी शिडीच्या चौकटीवर बसवलेली आहे. वजन आणि धक्के मुख्यतः ती चौकट झेलते. शिवाय कापडी टपाच्या आत लोखंडी रोल केज आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपनं थारला मोठ्यांच्या आणि लहानांच्या सुरक्षेसाठी चार-चार तारे दिले होते. त्यामुळं "उलटली की संपलं" हे वाक्य थोडं आवरून वापरावं. बेल्ट न लावलेला माणूस मात्र उलटलेल्या उघड्या गाडीतून बाहेर फेकला जातो, आणि मागच्या सीटवर बेल्ट लावणारा माणूस अजून आपल्याकडं शोधावा लागतो.

दुसरं, मोठं इंजिन. 2.0 पेट्रोलला 150 पीएस, 2.2 डिझेलला 130 पीएस आणि 1.5 डिझेलला 117 पीएस ताकद आहे. ओव्हरटेक करताना फरक कळतो. आणि ज्याचं शेत रस्त्यापासून आत, काळ्या मातीच्या वाटेवर आहे, त्याला पावसाळ्यात फोर व्हील ड्राइव्हची किंमत सांगायला नको. टू व्हील ड्राइव्ह थार दिसायला तशीच असते, पण चिखलात तिची मागचीच चाकं फिरतात. फोर व्हील ड्राइव्ह पाहिजे असेल तर त्यासाठी कापडी टप घ्यायची गरज नाही, पक्क्या टपात ती नवी मिळते. ऑक्टोबर 2025 ला डिझेल फोर व्हील ड्राइव्हची शोरूम किंमत साडेपंधरा लाखांच्या आसपास होती. तेवढं बजेट नसल्यावरच माणूस जुन्या कन्व्हर्टिबलकडं वळतो.

तिसरी बाजू हौसेची. ती हिशोबात बसत नाही आणि बसवूही नये. फक्त हौस आहे हे मान्य करून घ्यावं, "रोजच्या वापराला बरी पडते" असं घरी सांगू नये.

डिझेल, पेट्रोल आणि सोयाबीन

मुरुड-लातूर जाऊन-येऊन 60 किलोमीटर धरू. महिन्याला 25 दिवस. वर्षाला 18 हजार किलोमीटर.

1.5 डिझेल लिटरला 13 किलोमीटर देईल असं समजा आणि डिझेल 92 रुपये. वर्षाला साधारण 1 लाख 27 हजार. जुनी 2.0 पेट्रोल ऑटोमॅटिक कन्व्हर्टिबल घेतली, ती 9 देईल आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर वर्षाला 2 लाख 10 हजार. फरक 82-83 हजारांचा. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये आहे. म्हणजे फक्त इंधनातल्या फरकापोटी वर्षाला साडेपंधरा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. मोंढ्यात तो मिळतोच असं नाही, हे लातूरकरांना मी सांगायची गरज नाही. जुनी 2.2 डिझेल असेल तर फरक बराच कमी, 11 चं ॲव्हरेज धरलं तर वर्षाला 23 हजारांच्या आसपास.

त्याच मापात गाडीची किंमतही बघा. 12 लाखांची गाडी म्हणजे हमीभावानं 225 क्विंटल. एकरी सात क्विंटल उतारा धरला तर 32 एकरांचं एका हंगामाचं सगळं उत्पन्न, खर्च वजा न करता. घरात वडिलांचा आवाज का चढतो ते या आकड्यात आहे. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. डिझेल गाडीला 10 लाखांपर्यंत 13 टक्के, 10 ते 20 लाखांत 14 टक्के. 12 लाखांवर 1 लाख 68 हजार रुपये. पेट्रोलला दोन-दोन टक्के कमी. सुरुवातीची थार 9 लाख 99 हजारांना का ठेवली, त्यामागं हा टप्पाही असावा. शोरूमच्या बोर्डावरची किंमत आणि गाडी दारात येईपर्यंतची किंमत यात दीड-दोन लाखांचं अंतर धरूनच घरी बोला.

जुन्या गाडीला हा टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही, गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर. ही तिची मोठी जमेची बाजू. दुसऱ्या राज्यातली असेल तर मात्र इथं नोंदणी बदलताना टॅक्स लागतो, म्हणून हैदराबाद किंवा बिदरकडची "स्वस्त" गाडी आधी नीट मोजून घ्या. जुन्या गाड्यांवर डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी 18 टक्के झाला अशी आरडाओरड व्हॉट्सॲपवर झाली होती. तो टॅक्स डीलरच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. आणि एका घरमालकानं दुसऱ्याला गाडी विकली तर तो लागतच नाही.

जुनी कन्व्हर्टिबल बघायला गेलात तर

दुपारी जाऊ नका, पाऊस पडून गेल्यावर जा. नाहीतर मालकाला सांगून टपावर दोन बादल्या पाणी टाका आणि दहा मिनिटं आत बसा. मॅट उचलून खाली बोट फिरवा, ओल आणि गंज दोन्ही कळतात. टप स्वतः उघडून बंद करून बघा, मालकाच्या हातानं नको. पहिल्या खेपेला जमला नाही तर रोज पावसात रस्त्याकडेला थांबून कसा जमेल?

मग आरसी काढा. खरी गडबड इथं असते. कापडी टपाला कंटाळून बऱ्याच जणांनी बाहेरून पक्का टप बसवून घेतलेला असतो. गाडी दिसते हार्ड टप, विकली जाते हार्ड टपच्या भावात, पण कागदावर ती दुसरीच असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं बनवली आणि नोंदली त्यापेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 रोजी सुप्रीम कोर्टानंही हेच ठामपणे सांगितलं. कलम 182ए खाली अशा प्रत्येक बदलाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघातानंतर सर्व्हेअर येतो तेव्हा तो टप आणि कागद दोन्ही बघतो.

म्हणजे "आत्ता कापडी घेऊ, पुढं जमलं तर पक्का टप बसवू" ही तडजोड घरात कुणी सुचवत असेल तर ती तिथंच थांबवा.

रीलचा विषय एका दमात उरकतो. उघड्या टपातून किंवा सनरूफमधून उभं राहून व्हिडिओ काढला तर बेल्ट नसल्याचा दंड 1000 रुपये, आणि धोकादायक चालवणं म्हणून कलम 184 लागलं तर पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद. पुरावा तुम्ही स्वतःच अपलोड केलेला असतो.

आणि कोटीतल्या गाड्या?

कुणाला वाटेल, थार कुठं खरी स्पोर्ट्स कार आहे. बरोबर. खरी उघडी स्पोर्ट्स कार भारतात मिळते. एमजीची सायबरस्टर ही इलेक्ट्रिक टू सीटर जुलै 2025 मध्ये 75 लाखांच्या आसपास आली, शून्य ते शंभर 3.2 सेकंदांत. मर्सिडीजची सीएलई कॅब्रिओले ऑगस्ट 2024 मध्ये 1 कोटी 10 लाखांना आली. बीएमडब्ल्यूची झेड4 त्याआधीपासून होती. पण रोज चालवायचं म्हणाल तर प्रश्न पैशाच्याही आधी स्पीडब्रेकरचा येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, सावकाश चढणारा-उतरणारा असावा. झेड4 चा पोटाखालचा गाळा साधारण 114 मिलिमीटर आहे, म्हणजे नियमातल्या गतिरोधकावरूनही ती जीव मुठीत धरून जाईल. आणि आपल्या गावातले गतिरोधक कोणत्या नियमानं होतात? ज्या रात्री अपघात होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवढी खडी उपलब्ध असेल तेवढ्या उंचीचे. थारचा गाळा 226 मिलिमीटर आहे. मुरुडमध्ये स्पोर्ट्स कारची जागा थारनं का घेतली, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

मग काय घ्यायचं?

रोज लातूर असेल, गाडी दिवसभर कुठंतरी उन्हात लागणार असेल, घरात ती एकच गाडी असेल, तर पक्का टप. नवी 1.5 डिझेल घ्या. एसी, दार-काचांची सील, बंद दाराची सुरक्षितता आणि पुढं विकताना मिळणारं गिऱ्हाईक, चारही बाबतीत ती पुढं आहे. कापडी टप ब्लेडनं कापता येतो, त्यामुळं लातूरला क्लासच्या गल्लीत किंवा दवाखान्यासमोर गाडी लावून आत लॅपटॉप किंवा खताच्या बिलाचे पैसे ठेवायचे नाहीत, हे पथ्य कन्व्हर्टिबलवाल्याला कायमचं. आई-वडिलांना मागं बसवायचं असेल तर दोन्ही टप बाजूला ठेवा. पुढची सीट वाकवून चढणं साठीच्या गुडघ्यांना जमत नाही. पाच दरवाजांची थार रॉक्स त्यासाठीच ऑगस्ट 2024 मध्ये आली आणि भारत एनकॅपमध्ये तिला पाच तारे मिळाले. पण तिची लांबी 4428 मिलिमीटर, म्हणजे 40 टक्क्यांचा कप्पा. त्या बजेटात मग साधी, चार दारांची, 4 मीटरच्या आतली कुठलीही गाडी बघा आणि थारचा नाद सोडा, हे म्हणणारे वडील चुकीचे नाहीत.

कन्व्हर्टिबल कुणी घ्यावी? ज्याच्या घरात दुसरी बंद गाडी आहे, जिला रात्री पत्र्याच्या शेडखाली जागा आहे, ज्याचं शेत फोर व्हील ड्राइव्ह मागतं आणि ज्याला कापडाची निगा ठेवायला आवडतं. 2.2 डिझेल, महाराष्ट्र पासिंग, टप कंपनीचा मूळचा, अशी मिळाली तर घासाघीस करून घ्या. नवीन येणार नाहीत म्हणून भाव वाढेल, असं विकणारा सांगेल. बारा महिन्यांचा हिशोब त्याच्यापुढं मांडा, भाव उतरेल.

आणि पोराला फक्त एकदा टप उघडून समुद्राकडनं गाडी न्यायचीच असेल, तर दोन-तीन दिवस भाड्यानं घ्यावी आणि त्या दुसऱ्या मुरुडला जाऊन यावं. भाड्यानं घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, एवढं बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं फिरवताना काही झालं तर विमा हात वर करतो. आणि गाडी वाळूत न्यायची नाही. तिथं ट्रॅक्टर भाडं वेगळं लागतं.